वडगावच्या भोंग्याचा अर्थ

सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवू देऊ नये, असा कायदा ऑस्ट्रेलियाच्या संसदेने नोव्हेंबर २०२४ मध्ये संमत केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून तो अमलात आणला. त्याच्या पालनाची जबाबदारी मुलांवर वा पालकांवर न टाकता कंपन्यांवर टाकण्यात आली, हे योग्यच झाले. आपल्याकडेही असाच कायदा हवा, असे म्हणणारे अनेकजण आहेत. ही मागणी गैर नव्हे; परंतु ज्या प्रश्नाचा निम्मा भाग आपल्याच घरात आहे, त्याचे सारे ओझे सरकारवर टाकून आपण मोकळे होऊ पाहत आहोत काय, याचा विचार प्रथम झाला पाहिजे.

त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. साथीच्या काळात शिक्षणासाठी म्हणून मुलांच्या हाती आलेला मोबाइल शाळा सुरू झाल्यावरही सुटेना, तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये गावाने एक निर्णय केला. सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजला, की घरोघरचे दूरदर्शनसंच आणि मोबाइल बंद व्हावेत आणि साडेआठला पुन्हा भोंगा वाजेपर्यंत ते तसेच राहावेत. मुलांनी अभ्यास करावा, वडील मंडळींनी वाचावे, एकमेकांशी बोलावे. आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका आणि निवृत्त शिक्षक यांनी घरोघर जाऊन लोकांची समजूत घातली.

त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातील बांशी गावाने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदी करण्याचा ठराव केला. दोन्ही गावांची चिंता एकच. परंतु मार्गांतील अंतर ध्यानी घेण्यासारखे आहे. बांशीच्या ठरावाने मुलांना बंधन घातले. वडगावच्या भोंग्याने आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांना घातले. मालिका पाहणाऱ्या आईने आणि मोबाइलवर बोटे फिरवीत बसलेल्या वडिलांनी मुलास संयमाचा उपदेश करावा, हा विसंगतीचा प्रकार मुले तत्काळ ओळखतात. त्या उपदेशास किंमत कोठून येणार?

वडगावच्या प्रयोगाचे मर्म याहूनही खोल आहे. समाजमाध्यमांचा पट मुद्दामच असा रचलेला असतो, की त्याला शेवट नाही. पुस्तकाचे पान संपते, वृत्तपत्र वाचून होते. परंतु या पडद्यावर एक चित्र सरते न सरते तोच दुसरे उभे राहते. आपण कशावर किती क्षण थांबलो, याची नोंद ठेवून पुढचे आमिष निवडले जाते. अशा यंत्रणेपुढे एकट्याचा निर्धार कितीसा टिकणार? शिवाय एकाने फोन ठेवला आणि बाकीचे त्यातच गुंतलेले असले, तर ठेवणाराच एकाकी पडतो. सर्वांनी मिळून ठेवला, तर कोणाचेच काही हुकत नाही. संयम ही व्यक्तीची तपश्चर्या न राहता समाजाची रीत झाली, की ती सोपी होते.

येथे एक आक्षेप निघेल, व तो रास्त आहे. जालना-मंठा मार्गावर वाटूरच्या फाट्याशी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला कापसाचा नि मोसंबीचा भाव, पावसाचा अंदाज आणि पुण्यात कामास गेलेल्या मुलाची खुशाली याच यंत्रातून कळते. त्यास ते व्यसन नव्हे, अवजार आहे. म्हणूनच आम्ही सरसकट बंदीचा पुरस्कार करीत नाही. तथापि ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील स्मार्टफोन वापरता येणाऱ्या चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात स्मार्टफोन अभ्यासासाठी वापरल्याचे सांगितले, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. तेव्हा हा शहरातील सुखवस्तूंचाच प्रश्न आहे, हा समज सोडलेला बरा. अवजार कोणते आणि चाळा कोणता, हा विवेक वाटूरला जितका हवा, तितकाच शहरातील सदनिकांतही हवा.

सरकारचे कर्तव्य याने संपत नाही. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास आणि त्यांना हेरून जाहिराती दाखविण्यास मनाई केली आहे. ती कागदावरच राहू नये, असा आग्रह नागरिकांनी धरला पाहिजे. पण तोवर हात बांधून बसण्याचे कारण नाही. जेवणाच्या पानापाशी फोन नसावा, निजण्याच्या खोलीत तो नेऊ नये, अनावश्यक सूचनांची घंटा बंद करावी, आणि रोजचा एक तास गृहसंस्थेतील सर्व घरांनी एकत्र ठरवावा. यासाठी ना अनुदान लागते, ना शासननिर्णय. तीन हजार वस्तीच्या खेड्याला जे सुचले आणि करता आले, ते आम्हां सुशिक्षितांस जड जात असेल, तर उणीव कायद्याची नसून इच्छेची आहे, असेच म्हणावे लागेल.