शाल-श्रीफळ झालं, आता मेजरच्या झोपेचंही विचारा

पोस्ट मोठी आहे. पण आपल्या प्रत्येकाच्या भावकीत नाहीतर आळीत एखादा फौजी आहेच, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

सातारा जिल्ह्यात पत्रकारिता करताना वर्षातल्या दोन बातम्या ठरलेल्या असतात. ७ डिसेंबरचा ध्वजदिन आणि १४ जानेवारीचा माजी सैनिक दिन. फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ साली ज्या दिवशी निवृत्त झाले, तो हा १४ जानेवारी. दोन्ही वेळेला प्रेसनोट येते. ध्वजनिधीचं उद्दिष्ट किती टक्के पूर्ण झालं, कुणाच्या हस्ते किती जणांचा सत्कार झाला, सगळं असतं. नसतं ते एवढंच, की घरी आलेला माणूस आता कसा आहे? त्याला रात्री झोप लागते का?

आपल्याकडे फौजी रिटायर होऊन आला की गाव वेशीवर गोळा होतं. उघडी जीप, फुलं, डीजे, फटाक्यांच्या माळा. हे प्रेम खरं आहे, त्याला नाव ठेवायचं नाही. पण ज्याने काश्मिरात सीमेवर रात्री काढल्या, त्याच्या कानाशी दहा हजारांची माळ लावताना एकदा तरी विचारावं, "मेजर, आवाज चालेल ना?" (आपल्याकडे शिपाई म्हणून रिटायर झालेलाही मेजरच. ही हाकही प्रेमाचीच.) मिरवणूक दोन तासांत संपते. त्यानंतरची तीस-चाळीस वर्षं त्या माणसाला एकट्याने काढायची असतात.

हो, तीस-चाळीस. जवान साठीला रिटायर होत नाही. पंधरा-सतरा वर्षं नोकरी झाली की तो बाहेर पडतो, तेव्हा वय असतं ३५ ते ४०. तिन्ही दलांतून असे सुमारे साठ हजार जण दरवर्षी घरी येतात. ज्या वयात इतरांचा जम बसतो, त्या वयात याची दुसरी सुरुवात. तिथे उठायची वेळ ठरलेली, जेवणाची ठरलेली, वरच्याने सांगितलं की काम झालंच पाहिजे. इथे सातबाऱ्यावरची एक नोंद दुरुस्त करायला सहा महिने हेलपाटे. तिथे शेजारचा माणूस जिवाला जीव देणारा. इथे सख्खा चुलतभाऊ बांध कोरून बसलेला.

आणि घर? इतकी वर्षं घर बायकोने चालवलेलं असतं. मुलांची शाळा, सासू-सासऱ्यांचं आजारपण, सोसायटीचं कर्ज, सगळं तिने निभावलेलं. हा येतो तो पाहुण्यासारखा, आणि आल्या आल्या शिस्त लावायला लागतो. दहावीतला मुलगा बापाला वर्षाकाठी दोन महिन्यांच्या सुट्टीपुरता ओळखत असतो. ठिणगी पडायला वेळ लागत नाही. यात कुणीच वाईट नसतं, पण जखम सगळ्यांना होते.

एका गावातलं सांगतो. नाव, गाव लिहीत नाही. हवालदार पदावरून आलेला माणूस. पाच-सहा महिने बरे गेले. मग रात्री उठून अंगणात फेऱ्या मारणं सुरू झालं. लग्नकार्यात जाणं बंद. संध्याकाळी एक पेग होता, त्याची बाटली झाली. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, मारत नाहीत, शिव्या देत नाहीत. नुसते बोलायचेच थांबलेत. भिंतीकडं बघत बसतात." घरच्यांनी आधी अंगारा केला, मग देवऋषी केला. डॉक्टर सगळ्यात शेवटी. का? तर "फौजीला वेड लागलं" असं गाव म्हणेल म्हणून. उपचार सुरू झाल्यावर चार-पाच महिन्यांत माणूस पुन्हा शेतात जायला लागला. त्याआधीची दोन वर्षं वाया गेली ती फक्त लाजेपायी.

ही लाज वर्दीत असतानाच सुरू होते. झोप लागत नाही असं सांगितलं आणि कॅटेगरी लागली तर? प्रमोशन अडेल, पोस्टिंग अडेल, ही धास्ती असते. म्हणून जवान गप्प बसायला शिकतो आणि तीच सवय बिस्तऱ्यासोबत घरी आणतो.

हे काही आजचं नाही. आपल्या जिल्ह्यातलं अपशिंगे (मिलिटरी) बघा. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले, त्यांचा स्मृतिस्तंभ आजही आहे. तेव्हा मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढत होत्या. जे गेले, त्यांचा आकडा आपल्याला पाठ आहे. जे परत आले, ते पुढे कसे जगले याचा आकडा कुठल्याच स्तंभावर नाही. त्याच युद्धात १९१५ साली 'शेल शॉक' हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात आला. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचे हाल बघून १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी पीटीएसडी हा आजार अधिकृत यादीत घेतला. म्हणजे मनाला लागलेला मार हा नाजूकपणा नाही, आजार आहे आणि त्यावर इलाज आहे, हे जगाने कधीच मान्य केलंय. आपण मात्र अजून "पिऊन पडतो" एवढ्यावर विषय संपवतो.

एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर गैरसमज होईल. बहुतेक माजी सैनिक ठणठणीत आहेत. कुणी उत्तम शेती करतो, कुणी पोरांना भरतीचं ट्रेनिंग देतो, कुणी सरपंच आहे. प्रत्येक फौजीकडे संशयाने बघा असं मी म्हणत नाही. ज्याला त्रास आहे, त्याला दार कुठे आहे ते दिसलं पाहिजे, एवढंच.

शरीराच्या जखमेसाठी आपल्याकडे दार आहे. पुण्यात खडकीला पाठीच्या कण्याला मार लागलेल्या जवानांसाठी १९७४ पासून पॅराप्लेजिक केंद्र आहे. अपंग जवानांना हुन्नर शिकवणारी क्वीन मेरी संस्था तर १९१७ ची. मनाच्या जखमेचं काय? २००३ साली ईसीएचएस आली, कार्डावर पॉलिक्लिनिकमध्ये औषधं मिळतात, तिथून तज्ज्ञाकडे रेफर करतात. पण रेफर होण्यासाठी आधी "माझं मन ठीक नाही" हे तोंडातून निघावं लागतं. साखर आणि बीपीच्या रांगेत उभं राहून ते कुणी बोलत नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे.

एक. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आठवड्यातून एक दिवस समुपदेशक बसलाच पाहिजे. तिथे माणूस पेन्शनच्या, मुलांच्या शिष्यवृत्तीच्या कामाला येतोच. त्याच फेरीत शेजारच्या खोलीत दहा मिनिटं बोलता आलं, तर कुणाला सांगायची गरज नाही.

दोन. पॉलिक्लिनिकमध्ये बीपी मोजतात तसं प्रत्येकाला झोप, दारू आणि मनःस्थिती यांचे चार प्रश्न विचारा. सगळ्यांनाच विचारले की लाज कुणालाच वाटत नाही.

तीन. माजी सैनिक संघटनांनी हे काम आपलं मानावं. फौजी फौजीचंच ऐकतो. "मलाही झालं होतं, गोळ्या घेतल्या, बरा झालो" हे एका सुभेदारसाहेबांनी मीटिंगमध्ये सांगितलं, तर माझ्या दहा पोस्टपेक्षा जास्त काम होईल.

चार, आणि हे तातडीचं. अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये आली. चार वर्षांची मुदत धरली, तर पहिली बॅच २०२६ च्या अखेरीपासून बाहेर पडायला लागणार. जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम होणार, बाकीची पोरं ऐन पंचविशीत घरी. हातात सेवानिधीचे ११ लाख ७१ हजारांच्या आसपास. पण पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, म्हणून ईसीएचएसचं कार्डही नाही. योजना बरोबर की चूक, हा वाद वेगळा. या पोरांना रात्री झोप लागली नाही तर त्यांनी कुणाकडे जायचं, हे मात्र आधी ठरवावं लागेल. आपल्या आमदार-खासदारांना एवढा एक प्रश्न विचारा.

तोवर घरच्यांनी काय करायचं? माणूस बोलायचा थांबला, दारू वाढली, बारीकसारीक गोष्टींवर भडकायला लागला, "मी नसलो तरी तुमचं चालेल" असं म्हणाला, तर थांबू नका. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास फुकट आहे, मराठीत बोलता येतं. फोन बायकोने केला, मुलाने केला तरी चालतो. सैन्यदलातल्या लोकांसाठी याचा वेगळा कक्ष पुण्याच्या एएफएमसीत डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालाय. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार घेणं हा प्रत्येकाचा हक्क केलाय, तोही माहिती गुप्त ठेवून.

येत्या ध्वजदिनाला निधी द्या, सत्कारही करा. सोबत आपल्या आळीतल्या मेजरच्या घरी चहाला जा. युद्धाच्या गोष्टी विचारू नका. "काय मेजर, बरं चाललंय ना?" एवढं विचारा आणि उत्तर येईपर्यंत घाईने उठू नका.

१४४१६ हा नंबर गावाच्या ग्रुपवर टाका. तुमच्या पॉलिक्लिनिकमध्ये, सैनिक कल्याण कार्यालयात समुपदेशक येतो का, तेवढं कमेंटमध्ये लिहा. कुणाचं नाव लिहू नका. तालुकावार यादी करून मी ती जिल्हाधिकाऱ्यांकडे नेणार आहे.