खांद्यावरचा अष्टकोन

पेणच्या कारखान्यात मी मूर्तींची रंगकामं करतो. मध्यंतरी रोह्याच्या एका मंडळाने नौदल अधिकाऱ्याच्या वेशातली गणेशमूर्ती मागितली. पांढरा गणवेश सोपा. अडलं ते खांद्यावर. मंडळाने दिलेला फोटो जुना होता, खांदेपट्टे बदलण्याआधीचा.

4 डिसेंबर 2023 ला सिंधुदुर्गात नौदलाच्या नव्या खांदेपट्ट्यांची घोषणा झाली. अ‍ॅडमिरलांच्या खांद्यावर आता शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला लाल अष्टकोन आहे, शिवाय तलवार, दुर्बीण आणि तारे. 1950 मध्ये भारत प्रजासत्ताक झाला तेव्हा लष्करात मेजरच्या खांद्यावरचा ब्रिटिश मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले होते. युक्रेननेही 2016 मध्ये सोव्हिएत वळणाचे पंचकोनी तारे उतरवले. कोणाच्या खुणा अंगावर वागवायच्या, हे स्वतंत्र देशाने ठरवायलाच हवं. हा नुसता देखावा आहे असं म्हणणाऱ्यांनी रोह्यात ग्रामदैवत धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस सशस्त्र सलामी देतात तेव्हा गर्दीकडे बघावं. पोलिसांचा गणवेश नीट नसेल तर आमच्या आयाबायासुद्धा बोट दाखवतील!

माझी तक्रार वेगळी आहे. मराठा आरमाराच्या कान्होजी आंग्र्यांचा कुलाबा किल्ला आमच्या शेजारी अलिबागला, पण हा अष्टकोन कुठून आला ते इथल्या पोरांना कोणी सांगत नाही. सांगणार कोण? मंडळांनो, यंदा देखाव्यात एक फलक त्यासाठी ठेवा. आणि वर्दीतला बाप्पा हवा असेल, तर फोटो तेवढा नवा पाठवा.