विश्लेषण : तिशीत गेम नकोसा का होतो?

टाळेबंदीत रात्ररात्र ‘पबजी’ खेळणाऱ्या अनेकांना आता गेम उघडावासाही वाटत नाही. ‘वय झालं’ हे त्यांचे ठरलेले उत्तर.

वयाचा परिणाम होतो, हे खरे. कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘स्टारक्राफ्ट २’च्या ३,३०५ खेळाडूंची आकडेवारी तपासली. २०१४ मधील या अभ्यासानुसार प्रतिसादाचा वेग २४व्या वर्षापासूनच मंदावू लागतो. मात्र मोठे खेळाडू सोप्या युक्त्यांनी ती कसर भरून काढतात, असेही त्यात दिसले. तेव्हा दोष एकट्या बोटांचा नाही.

खरी अडचण सलग वेळेची. ‘पबजी’चा डाव अर्ध्या तासापर्यंत चालतो आणि मध्येच थांबवता येत नाही. बाळ रडले, ऑफिसचा फोन आला की उरलेले तिघे तोंडघशी. ते तिघे तरी एका वेळी मोकळे कुठे असतात? रील अर्धवट सोडली तर कोणी रागवत नाही. म्हणून गेमला ‘वेळ नसलेला’ माणूस तासभर रील्स पाहतो.

गेमच नव्हे, तर मित्र, क्रिकेट, आवडते पदार्थ या सगळ्यातलीच गोडी दोन आठवडे गेली असेल, तर ते नैराश्याचे लक्षण असू शकते. तेव्हा वयावर न ढकलता डॉक्टरांना भेटावे.