बर्फावरच्या गाडीचा विमा

कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातून एका भगिनीने विचारले आहे: मुलाने स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर धावणारी गाडी घेतली, विमा कोणता काढावा?

दुसऱ्याच्या नुकसानीसाठी किमान १० लाख डॉलरचा विमा तिथे कायद्यानेच लागतो. तो काढला की लोक निर्धास्त होतात, आणि आम्हाला काळजी वाटते ती इथेच. मोटार अपघातात जखमी झालेल्याला क्वेबेकात सरकारी विमा भरपाई देतो. स्नोमोबाइल झाडावर आदळली तर देत नाही. चालत्या मोटारीशी टक्कर झाली तरच देतो. इस्पितळाचा खर्च आरोग्य विम्यातून निघेल, पण सहा महिन्यांचा बुडालेला पगार कोण देणार? तेव्हा स्वतःच्या दुखापतीचा विमा आधी घ्या, गाडीचा नंतर.

गाडी जुनी असेल तर टक्करीचा विमा सोडला तरी चालेल; चोरी आणि आगीचा ठेवा, उन्हाळ्यातसुद्धा. गोठलेल्या तळ्यावर बर्फ फुटून गाडी बुडाली तर काय मिळेल, हे एजंटाकडून लेखी घ्या. आणि चिरंजीव गाडी मित्रांना चालवायला देतात का? ते विमा कंपनीला आधीच सांगावे.