चमक आली, काम राहिलं

गळीत हंगाम सुरू झाला की सोलापूर–विजयपूर महामार्गावरची रात्र बदलते. वडकबाळचा पूल ओलांडला की तेरामैल, मंद्रूप, पुढे टाकळीपर्यंत उसाच्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर पहाटेपर्यंत चालू असतात. बऱ्याच ट्रॉल्यांना मागचा दिवा नसतो, असलेला रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला असतो आणि ऊस ट्रॉलीबाहेर हातभर आलेला असतो. ताशी ६० किलोमीटर वेगातली गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर पुढे जाते. समोर काहीतरी आहे हे लक्षात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यात २५ मीटर संपले. कोरड्या डांबरावर, चांगल्या ब्रेकनं, थांबायला आणखी वीसेक मीटर लागतात. म्हणजे ४५ मीटरवरची ट्रॉली दिसलीच पाहिजे. पिवळ्या, धुरकट हेडलाइटच्या उजेडात ती वेळेवर दिसेल याची खात्री कुणीही देऊ नये.

म्हणून या महिन्यात गॅरेजवाले, ऑटो इलेक्ट्रिशियन आणि डेंटिंग-पेंटिंगवाले अशा सगळ्यांशी एकाच कामाबद्दल बोलायचं आहे, ते म्हणजे हेडलाइटची काच. हे काम आपल्याकडे किरकोळ धरलं जातं. सर्व्हिसिंगला आलेल्या गाडीवर हाताखालचा पोरगा दहा मिनिटं कंपाउंड घासतो, काच लख्ख दिसते, गिऱ्हाईक खूश होतं. काही महिन्यांत तीच काच परत पिवळी पडते, कधी पहिल्यापेक्षा जास्त. पासिंगच्या आदल्या दिवशी घासून दिलेल्या काचेचं तर यापेक्षा वेगळं काही होतच नाही. असं अर्धं काम आपण बंद केलं पाहिजे, हे आमचं स्पष्ट मत आहे.

अँबेसिडर, पद्मिनी, जुनी मारुती ८०० यांना खरी काच होती. ती फुटायची, पण पिवळी पडायची नाही. आताच्या हेडलाइटला पॉलिकार्बोनेट असतं. १९५३ साली जर्मनीत बायर कंपनीच्या हर्मान श्नेल यांनी आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्स यांनी स्वतंत्रपणे हे प्लास्टिक शोधलं. हेडलाइटवर ते यायला पुढे तीसेक वर्षं गेली. वजनाला हलकं, हव्या त्या आकारात ओतता येतं, खडा उडून लागला तरी सहसा फुटत नाही. पण ते मऊ असल्यामुळे धुळीनं ओरखडतं, आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याचे रेणू बिघडून पिवळे होतात. म्हणून कारखान्यात त्यावर कडक पारदर्शक लेप चढवलेला असतो, साधारण दहा-पंधरा मायक्रॉन जाडीचा. हा लेप टिकतो तोवर काच टिकते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि गाड्या दिवसभर बांधावर, बाजारात, कारखान्याच्या वजनकाट्याबाहेर उघड्यावर उभ्या असतात. काचेचा वरचा, आभाळाकडे तोंड असलेला उतार आधी जातो, तो याच कारणानं.

नुकसान किती, याचं एक मोजमाप उपलब्ध आहे. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशननं २०१८ मध्ये जुने हेडलाइट तपासले. खराब झालेल्या काचेतून नव्याच्या तुलनेत जेमतेम २० टक्के उजेड बाहेर येत होता. नीट घासून, पॉलिश करून तो ७० टक्क्यांच्या आसपास परत आला. कंपनीचा नवा पार्ट बसवला तर पूर्ण, आणि बाहेरच्या कंपन्यांचा बसवला तर ८३ ते ९० टक्के. काच खराब व्हायला तीन ते पाच वर्षांतच सुरुवात होते, असंही त्यांनी नोंदवलं. आपल्या उन्हात याहून जास्त मुदत धरायचं काही कारण नाही.

उरलेला ८० टक्के उजेड जातो कुठे, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. काही भाग काचेतच मुरतो. बाकीचा पिवळ्या थरातल्या बारीक भेगांवर आपटून वर, खाली, बाजूला, कुठेही फेकला जातो. डिपरवर असतानाही तो समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो. ज्याची काच खराब त्याला रस्ता दिसत नाही, आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. त्या दिपलेल्या क्षणात समोरच्यालाही त्याच्या बाजूची ट्रॉली दिसत नाही. एका गाडीच्या काचेनं दोन गाड्या आंधळ्या होतात, आणि दुसऱ्या गाडीवाल्यानं तर तुमचं गॅरेज कधी पाहिलेलंही नसतं.

आता कामाकडे येऊ. आधी गाडी धुऊन घ्या, कारण काळ्या मातीचा एक कण पेपरखाली राहिला तर तो जी रेघ ओढेल ती काढायला परत सुरुवातीपासून यावं लागतं. बंपर, बॉनेट, फेंडरच्या कडेला मास्किंग टेपचे दोन थर लावा. काच जास्त गेलेली असेल तर ६०० किंवा ८०० नंबरच्या वॉटर पेपरनं सुरू करा, थोडी गेलेली असेल तर हजारनं. पाणी सतत सोडायचं. पहिल्यांदा ओघळणारं पाणी पिवळट असतं. ते पांढरं व्हायला लागलं की जुना लेप सुटला असं समजा, पण तिथेच फसगत होते. काच पुसून कोरडी करा आणि तिरक्या उजेडात बघा. कडेला, कोपऱ्यात, टर्न इंडिकेटरच्या बाजूला जुन्या लेपाचे तुकडे उरलेले दिसतील, त्यांची कडा स्पष्ट कळते. ते राहिले तर नवा लेप त्याच कडेवरून सोलायला लागतो. पूर्ण काच एकसारखी, दुधाळ दिसेपर्यंत पेपर बदलू नका. मग हजार, दीड हजार, दोन हजार. दर वेळी घासायची दिशा बदला, म्हणजे आधीच्या नंबरच्या रेघा राहिल्या का ते दिसतं.

यापुढचा निर्णय बहुतेक जण चुकीचा घेतात. दोन हजारनंतर तीन हजार, मग मशीनवर कंपाउंड, काच आरशासारखी, आणि काम संपलं असं धरतात. खरं तर त्या क्षणी काच पूर्ण उघडी पडलेली असते. कारखान्यातला लेप तुम्ही स्वतः काढलेला आहे आणि खालचं प्लास्टिक उन्हाला सरळ दिलेलं आहे. वॅक्स लावून काही आठवड्यांपलीकडे संरक्षण मिळत नाही. अतिनील किरण अडवणारा नवा लेप चढवणं हाच या कामाचा गाभा आहे. त्यासाठी हार्डनर मिसळून मारायचा टू-के क्लिअर घ्या, डब्यावर पॉलिकार्बोनेटला चालतो असं लिहिलेलं बघून. किंवा अतिनील दिव्याखाली अथवा थेट उन्हात घट्ट होणारा हेडलाइटचा तयार लेप घ्या. क्लिअर मारायचा असेल तर दोन हजारवर थांबा. आरशासारख्या गुळगुळीत काचेवर क्लिअर धरत नाही, आणि दोन हजारच्या रेघा क्लिअरखाली भरून जातात. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घ्या, थिनरनं नाही. पहिला हात अगदी हलका, धुक्याइतका. दहा मिनिटं थांबून दोन पूर्ण हात. मंद्रूपसारख्या ठिकाणी दुपारी वारा सुटला की धूळ उडते, तेव्हा हे काम सकाळी लवकर, आडोशाला करा. हार्डनर नसलेला साधा स्प्रे लॅकर मारू नका, तो लवकर सोलतो आणि मग काढायला जास्त त्रास होतो.

टू-के क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते श्वासातून गेलं तर दमा लागू शकतो, आणि एकदा लागला की पुढे थोड्या वाफेनंही छाती भरते. तोंडाला रुमाल किंवा कापडी मास्क बांधून ते अडत नाही. सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज असलेला मास्क, हातमोजे आणि मोकळी हवा हवीच. गॅरेजमधल्या पोरांच्या हातात गन देण्याआधी मास्क द्या. या बाबतीत कुणाचीही सबब आम्हाला मान्य नाही.

मशीन वापरत असाल तर वेग कमी ठेवा आणि एका जागी थांबू नका. पॉलिकार्बोनेट १४७ अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि कोरड्या पॅडखाली तेवढी उष्णता सहज तयार होते. तसं झालं की काचेत लाट येते, ती पुढे कशानंही निघत नाही.

घरी काम करणाऱ्या गिऱ्हाइकांना मोबाइलवर भलतेच उपाय मिळतात. टूथपेस्टमध्ये घासणारी बारीक पूड असते, त्यामुळे थोडा फरक दिसतो, संरक्षण शून्य. रॉकेल, पेट्रोल, थिनर लावलं की काच क्षणभर स्वच्छ वाटते, पण ताणाखाली असलेल्या पॉलिकार्बोनेटला त्यानं कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा जातात. डास पळवणारं औषध काही जण फासतात. त्यातलं रसायन काचेचा वरचा थर विरघळवतं, म्हणून ती चकाकते. अशा गाडीवर काम घेताना आधी विचारून घ्या, कारण त्या भेगा नंतर तुमच्या नावावर जातात.

काही काचांवर काम घेऊच नये. पिवळेपणा किंवा धुरकटपणा आतून असेल, भेगा जाडीत खोल उतरल्या असतील, किंवा आतला रिफ्लेक्टर करपला असेल तर बाहेरून कितीही घासा, उपयोग नाही. रिफ्लेक्टरवर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामा असतो, कापड फिरवलं तरी तो निघतो. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला महापूर आला. पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या असेंब्लीत गाळ बसला असेल, तर ती असेंब्ली बदलायचीच. रिफ्लेक्टर करपण्याचं कारण बरेचदा ९० किंवा १०० वॅटचा बल्ब असतो. एच-४ ची असेंब्ली ६०/५५ वॅटसाठी बनवलेली असते. जादा वॅटनं होल्डर वितळतो, मुलामा जळतो. हॅलोजनच्या असेंब्लीत स्वस्त एलईडी घातला की उजेडाचा उगम फिलामेंटच्या जागेवरून हलतो आणि फोकस विस्कटतो. पांढरा उजेड जास्त वाटतो, रस्त्यावर दूरवर मात्र कमी पोचतो. गिऱ्हाईक हट्ट धरेल. नाही म्हणायला शिका.

काच नवी असो वा घासलेली, शेवटी फोकस सेट केल्याशिवाय गाडी सोडू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १०६ क्रमांकाचा नियम सांगतो की दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, त्याच्या उजव्या बाजूला अर्ध्या मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील, त्याला झगझगाट होता कामा नये. हा समोरून येणाऱ्याचा डोळा आहे. मशीन नसेल तरी भिंत पुरते. सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटर अंतरावर गाडी उभी करा, टायरची हवा बरोबर ठेवा, चालकाच्या जागी एक माणूस बसवा. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूनं काढा. डिपरच्या उजेडाची वरची कडा त्या रेघेच्या १० सेंटिमीटर खाली यायला हवी, असेंब्लीवर १ टक्का लिहिलं असेल तर. दुसरा आकडा असेल तर त्याप्रमाणे. डाव्या बाजूला ती कडा वर चढताना दिसेल. आपण डावीकडून चालतो, म्हणून तो उजेड रस्त्याच्या कडेला, म्हणजे नेमका बैलगाडी आणि ट्रॉली असते तिथे पडतो. घासण्याआधी ही कडा भिंतीवर ओळखूही येत नसते. घासून लेप दिल्यावर ती स्पष्ट उमटते. गिऱ्हाइकाला ते भिंतीवरच दाखवा, पैसे कशाचे घेतले हे त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

ज्याला घरी स्वतः करायचं आहे त्याला अडवू नका. पेपरचे नंबर लिहून द्या, उन्हात घट्ट होणारा लेप विकत द्या, आणि फोकस सेट करायला गाडी घेऊन ये म्हणून सांगा. बिलावर घासणं, लेप आणि फोकस या तीन ओळी वेगळ्या लिहा आणि कोणता लेप मारला त्याचं नाव व तारीख टाका. लेप नको म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाची काच घासायला घेऊ नका.