युगोप्लास्टिका : नाव, गाव आणि वारसा

युरोपीय बास्केटबॉलच्या विजेत्या क्लबांची यादी चाळताना नवखा वाचक एका ठिकाणी हमखास अडखळतो. १९८९ आणि १९९० या वर्षांपुढे ‘युगोप्लास्टिका’ हे नाव दिसते, तर १९९१ पुढे ‘पॉप ८४’. प्रत्यक्षात हे दोन क्लब नव्हेत. आड्रियाटिक समुद्राकाठच्या स्प्लिट या शहराचा तो एकच क्लब. ज्या युगोस्लाव्हियाच्या वतीने त्याने ही तीन विजेतेपदे मिळवली तो देश आज नकाशावर नाही, आणि ज्या प्लास्टिकच्या कारखान्याचे नाव त्याने छातीवर मिरवले तो कारखानाही उरलेला नाही. मग हा इतिहास नेमका कोणाचा? प्रश्न वरवर क्रीडाप्रेमींचा वाटतो. आम्हांस तो तेवढ्यापुरता वाटत नाही.

आधी हकीकत थोडक्यात सांगितली पाहिजे. १९४५ मध्ये हायदुक या प्रसिद्ध क्रीडासंस्थेची बास्केटबॉल शाखा म्हणून या क्लबाचा आरंभ झाला. पुढे तो स्वतंत्र झाला, आणि साठीच्या दशकाच्या अखेरीस शहरातील युगोप्लास्टिका कारखान्याचे नाव त्याला मिळाले. १९७१ साली त्याने देशांतर्गत अजिंक्यपद मिळवले. १९७२ मध्ये युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यात इटलीच्या वारेसे संघाकडून तो अवघ्या एका गुणाने, ६९-७० असा हरला. १९७६ व १९७७ मध्ये त्याने कोराच चषक जिंकला. म्हणजे १९८९ चा विजय आकाशातून पडलेला नव्हता. त्यामागे दोन दशकांची मशागत होती.

१९८६ मध्ये बोझिदार माल्कोविच हे प्रशिक्षक म्हणून आले, आणि त्या मशागतीला पीक आले. एप्रिल १९८९ मध्ये म्युनिक येथे या संघाने प्रथम बार्सेलोनाला आणि अंतिम सामन्यात तेल अवीवच्या मकाबीला (७५-६९) नमवले, तेव्हा तोनी कुकोच वीस वर्षांचा आणि दिनो राजा एकवीस वर्षांचा होता. पुढील वर्षी सारागोसा येथे, स्पेनच्याच भूमीवर, बार्सेलोनाचा ७२-६७ असा पराभव झाला. त्यानंतर राजा इटलीत गेला, कर्णधार दुश्को इवानोविचही गेला, आणि खुद्द माल्कोविच बार्सेलोनाचे प्रशिक्षक झाले. तरीही १९९१ मध्ये पॅरिस येथे झेल्को पाव्लिचेविच यांच्या हाताखाली उरलेल्या संघाने माल्कोविच यांच्याच बार्सेलोनाला ७०-६५ असे हरवले. त्यानंतर आजवर एकाही क्लबाला सलग तीन वर्षे हा चषक जिंकता आलेला नाही.

पॅरिसमधील तो विजय एप्रिलचा. जूनमध्ये क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केले, युद्ध पेटले, आणि कुकोच इटलीत गेला. पुढच्या हंगामात क्लबाच्या छातीवर ‘स्लोबोद्ना दाल्मात्सिया’ या स्थानिक वृत्तपत्राचे नाव आले. त्याचा अर्थ ‘स्वतंत्र दाल्मात्सिया’. हे नाव धारण करणाऱ्या संघाला युरोपीय स्पर्धेतील आपले ‘घरचे’ सामने युद्धामुळे स्पेनमध्ये खेळावे लागले! देशांतर्गत अजिंक्यपदासाठी तर पुढे २००३ पर्यंत वाट पाहावी लागली.

या इतिहासाचे आज तीन वारसदार दिसतात. पहिला वारसदार गतकातर. तो म्हणतो, पाहा, दाल्मात्सियाचे कुकोच, राजा आणि पेरासोविच, माँटेनेग्रोचा इवानोविच, बोस्नियाचा साविच, बेलग्रेडहून आलेला स्रेतेनोविच, सारे एका संघात होते. बंधुभाव शक्य होता. दुसरा वारसदार राष्ट्रवादी. त्याच्या लेखी ही क्रोएशियन प्रतिभेची गाथा, आणि तिचे सार्थक १९९२ च्या बार्सेलोना ऑलिंपिकमधील रौप्यपदकात. तिसरा वारसदार अमेरिकन बाजारपेठेचा. त्याच्या दृष्टीने स्प्लिट ही केवळ रोपवाटिका. कुकोचची खरी कथा शिकागोतील तीन विजेतेपदांपासून सुरू होते.

आम्ही साहित्याचे अध्यापक. कालखंड पाडणे आणि त्यांना नावे देणे हा आमचा रोजचा उद्योग, आणि त्या उद्योगातील लबाडीही आम्हांस ठाऊक आहे. नंतर काय घडले हे माहीत असलेला माणूस आधीच्या प्रत्येक गोष्टीला त्या ‘नंतर’ची पूर्वतयारी मानू लागतो. उपरोक्त तिघेही नेमके हेच करतात. एकाला १९८९ चा संघ म्हणजे भंगणाऱ्या घराचे शेवटचे छायाचित्र वाटते, दुसऱ्याला नव्या घराचा पाया, तिसऱ्याला विमानतळाचे प्रतीक्षागृह. संघ मात्र यांपैकी कशासाठीच खेळत नव्हता. तो पुढचा सामना जिंकण्यासाठी खेळत होता.

गतकातर पक्षाविषयी आम्हांस सहानुभूती आहे, हे कबूल केले पाहिजे. परंतु त्याला एक गोष्ट विसरता येणार नाही. त्या काळी युगोस्लाव्हियातील खेळाडूंना ठरावीक वयाआधी सहजासहजी परदेशी क्लबाकडे जाता येत नसे. तरुण गुणवंत एकत्र राहिले यात स्नेहाचा वाटा होता, तसा या बंधनाचाही होता. बंधन सैलावताच एकेक जण निघून गेला. युद्धाने ती गळती पूर्ण केली, सुरू केली नव्हती. बंधुभावाचे गोडवे गाताना हा हिशेब वगळणे प्रामाणिकपणाचे नव्हे. त्याचबरोबर, बंधनात घडले म्हणून ते खोटे, असेही म्हणता येत नाही. पॅरिसच्या अंतिम सामन्यात सर्वाधिक गुण मिळवणारा साविच बोस्नियातील झेनित्साचा. ते गुण आज कोणत्या देशाच्या खात्यात जमा करायचे?

आमचे उत्तर साधे आहे. ते स्प्लिटच्या खात्यात जमा करावेत. क्लब हा राष्ट्राचा अंश नसतो आणि प्रायोजकाची मालमत्ताही नसतो. तो एका गावाची सवय असतो. ग्रिपेच्या सभागृहात सराव पाहायला येणारी मुले, ‘पिवळे’ या लाडक्या नावाने संघाला हाक मारणारे प्रेक्षक आणि आपल्या कारखान्याचे नाव युरोपभर छापून आलेले पाहणारे कामगार, ही ती सवय. म्हणूनच इटालियन कपड्यांचे नाव लावून जिंकलेला चषकही लोकांच्या बोलण्यात ‘युगोप्लास्टिका’च्याच नावावर राहिला. अधिकृत नावे कागदावर बदलतात. बोलीतील नावांना तशी घाई नसते.

या नावातील ‘युगो’ हा शब्द मोठा सूचक आहे. त्याचा मूळ अर्थ दक्षिण. युगोस्लाव्हिया म्हणजे दक्षिणी स्लावांचा देश, म्हणून देशाबरोबर तो शब्दही अनेकांना नकोसा झाला. परंतु दाल्मात्सियाच्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून येणाऱ्या दमट वाऱ्यालाही ‘युगो’च म्हणतात. देश नव्हता तेव्हाही कोळी त्याला याच नावाने ओळखत, आणि देश गेल्यावरही तो वाहतोच आहे. क्लबाच्या त्या जुन्या नावाकडेही असेच पाहावे, एवढेच आमचे म्हणणे. ते नाव उच्चारल्याने गेलेला देश परत येत नाही, आणि टाळल्याने म्युनिक, सारागोसा व पॅरिस येथील निकाल बदलत नाहीत.