मोटारीचे गुडघे

घरातील वडील माणसांचे गुडघे कुरकुरू लागले म्हणजे आपण वैद्य गाठतो. मोटारीच्या गुडघ्यांकडे मात्र कोणी पाहत नाही. आमच्या पुतण्याजवळ ‘एमजीबी’ ही जुनी इंग्रजी गाडी आहे. 1962 ते 1980 या काळात ती इंग्लंडात ॲबिंग्डन येथे तयार होत असे. यंदा तो पुण्याहून राळेगणसिद्धीस आमच्याकडे आला, तेव्हा प्रत्येक खड्ड्यास पुढून ठक् ठक् ऐकू येई. पैसा त्याने नव्या रंगासाठी जमविला होता. आम्ही म्हटले, “बाळ, आधी सांधे, मग रंग!”

या गाडीचे पुढील चाक ज्या उभ्या खिळीवर वळते, तिला किंगपिन म्हणतात. तिच्या बुशांस वेळेवर ग्रीस न मिळाल्यास ती झिजते आणि चाक डगमगू लागते. खालच्या दांड्यांचे रबरी बुशही कालांतराने निकामी होतात. ते दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत. दाबलेल्या स्प्रिंगेत मोठी शक्ती कोंडलेली असते. जाणत्या मिस्त्रीखेरीज तिला कोणी हात लावू नये, आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली तर मुळीच शिरू नये.

बांध घालून पाणी अडविणाऱ्या या गावी, भोक लहान असतानाच बुजवावे, हे पोरासोरांसही ठाऊक आहे. शास्त्रकारांचा सूचीकटाहन्यायही हेच सांगतो: आधी सुई, मग कढई. घरच्या माणसांचे प्राण ज्या चार बुशांवर अवलंबून, त्यांची विचारपूस गृहस्थाने रंगापूर्वी करावी, हे बरे.